देवटेकची शिळा आणि आजचा वाघ

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ देवटेक नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावात मिळालेल्या एका शिळेवर प्राचीन ब्राह्मी लिपीत काही ओळी कोरलेल्या आहेत. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्या लेखाचे वाचन केले आणि त्याचा संबंध सम्राट अशोकाच्या धर्मशासनाशी जोडला. लेख झिजलेला आहे, अक्षरे तुटलेली आहेत. तरीही आशय लागतो. प्राण्यांना पकडण्यास आणि मारण्यास मनाई करणारी ती आज्ञा आहे. प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा विदर्भाच्या भूमीत दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दगडावर कोरला गेला होता, ही गोष्ट आपल्या शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक असायला हवी.

आज त्याच नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या टापूत माणूस आणि वाघ यांचा संघर्ष पेटलेला आहे. आपल्या वसतिगृहात राहून शिकलेल्या कितीतरी मुलामुलींची घरे जंगलाच्या काठावर आहेत. उन्हाळ्याच्या सुटीत ही मुले घरी जातात, तेव्हा मोहफुलांचा हंगाम सरत आलेला असतो आणि तेंदूपत्त्याचा सुरू होत असतो. आई पहाटे टोपली घेऊन रानात जाते. ती परत येईपर्यंत घरात कोणाचाही जीव थाऱ्यावर नसतो. म्हणून वाघाच्या बाजूने काही लिहायचे असेल, तर ते या आईच्या नजरेला नजर देऊन लिहिता आले पाहिजे.

वाघाला वाचवणारा कायदा या आईच्या विरोधात आहे काय? अनेकांना तसे वाटते. हल्ला झाला की संतप्त जमाव वनखात्याच्या कार्यालयावर जातो आणि ‘वाघ हवा की माणूस?’ असा सवाल केला जातो. बिबट्याला कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतून वगळावे, अशी मागणीही महाराष्ट्रात होऊ लागली आहे. त्या संतापामागचे दुःख खरे आहे. परंतु कायदा सैल केल्याने ते दुःख हलके होणार नाही, उलट जंगल मात्र हातचे जाईल, असे माझे मत आहे. ते का, हे या लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

कायदा का करावा लागला?

इंग्रजी राजवटीत वाघ मारणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळत असे. संस्थानिक आणि साहेब यांच्यासाठी शिकार हा प्रतिष्ठेचा खेळ होता. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत भारतात ८० हजारांहून अधिक वाघ मारले गेले. स्वातंत्र्यानंतरही शिकारीचे परवाने सुरूच राहिले. चित्त्याचे काय झाले, ते तर सर्वश्रुत आहे. १९४७ साली कोरिया संस्थानात तीन चित्ते एकाच रात्री गोळ्या घालून मारण्यात आले आणि १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर करावे लागले. त्याला वाचवणारा कायदाच तेव्हा अस्तित्वात नव्हता.

१९७२ साली झालेल्या गणनेत देशात १,८२७ वाघ असल्याचे आढळले. त्याच वर्षी संसदेने वन्यजीव (संरक्षण) अधिनियम संमत केला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ झाला. पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत आपले मेळघाट होते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानात दोन महत्त्वाचे अनुच्छेद आले. ४८-क ने वने व वन्यजीव यांच्या रक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली, तर ५१-क ने जीवमात्राविषयी करुणा बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. आपल्या संविधानात करुणेला कर्तव्याचे स्थान मिळाले, याचा आपल्याला विशेष अभिमान वाटावा.

केवळ कागदावरचा कायदा मात्र पुरेसा पडत नाही. राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात शिकाऱ्यांनी एकही वाघ शिल्लक ठेवला नाही, हे २००५ साली उघड झाले. मध्य प्रदेशातील पन्ना येथे २००९ पर्यंत तेच घडले. सरिस्काच्या धक्क्यानंतर २००६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभाग स्थापन झाले. कॅमेऱ्याच्या साहाय्याने केलेल्या नव्या पद्धतीच्या गणनेत २००६ साली देशात अवघे १,४११ वाघ उरल्याचे दिसले होते. २०२२ च्या गणनेत हा अंदाज ३,६८२ वर पोहोचला. महाराष्ट्रात २००६ साली सुमारे १०३ वाघ होते. २०२२ साली ही संख्या ४४४ झाली. कायद्याची अंमलबजावणी झाली म्हणून वाघ वाचला, याचा हा पुरावा आहे.

कायदा नेमके काय सांगतो?

‘वाघ अंगावर आला तरी हात उचलायचा नाही, असा हा कायदा आहे,’ असे अनेक गावांत बोलले जाते. हा गैरसमज आहे. अधिनियमाच्या कलम ११ मध्ये स्पष्ट तरतूद आहे की, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने एखादा वन्यप्राणी मारला वा जखमी झाला, तर तो गुन्हा ठरत नाही. मारलेला प्राणी मात्र सरकारची मालमत्ता असतो. त्याचे कातडे वा नखे कोणाला ठेवता येत नाहीत.

त्याच कलमानुसार, पहिल्या अनुसूचीतील एखादा प्राणी मानवी जीवितास धोकादायक ठरला असेल, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आणि सकारण आदेश काढून त्याचा बंदोबस्त करू शकतात. मात्र ठार मारण्याचा आदेश देण्यापूर्वी तो प्राणी पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही, अन्यत्र हलवता येत नाही, याची त्यांनी खात्री करून घ्यावी लागते. थोडक्यात, कायद्याने माणसाला असहाय सोडलेले नाही. त्याने एवढेच म्हटले आहे की, जीव घेण्याचा निर्णय जमावाने, पुढाऱ्याने किंवा हौशी शिकाऱ्याने घेऊ नये. तो जबाबदार अधिकाऱ्याने, पुरावा पाहून, कारणे लिहून घ्यावा. आरोपीला शिक्षा देण्यापूर्वी न्यायाची प्रक्रिया असावी, हा आग्रह आपल्या समाजाला नवा नाही. जमावाच्या हाती न्याय गेला की काय होते, हे आपल्या इतिहासाने आपल्याला पुरेपूर शिकवले आहे.

ही प्रक्रिया का आवश्यक आहे, ते यवतमाळ जिल्ह्यातील टी-१ म्हणजेच ‘अवनी’ वाघिणीच्या प्रकरणाने दाखवून दिले. राळेगाव-पांढरकवडा भागातील १३ जणांच्या मृत्यूशी तिचे नाव जोडले गेले होते. त्या गावांनी भोगलेली भीती आणि केलेला शोक कोणीही कमी लेखू नये. तिच्या बंदोबस्ताच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास सर्वोच्च न्यायालयानेही नकार दिला होता. परंतु २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला ज्या रीतीने गोळी घातली गेली, त्यात ठरलेल्या नियमांचे उल्लंघन झाल्याचे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने नेमलेल्या समितीने नमूद केले. तिच्या मागे दोन बछडे उरले. आदेश कायदेशीर होता, अंमलबजावणी तशी राहिली नाही. आणि त्यामुळे मृतांच्या कुटुंबांचे दुःख बाजूला पडून देशभर वेगळाच वाद पेटला. नियम पाळले असते, तर गावकऱ्यांची बाजूही अधिक बळकट राहिली असती.

मोठे शिकारी प्राणी हवेतच कशाला?

सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे. तीत पोपट, मैना, वटवाघूळ, कासव, साळिंदर असे अनेक जीव येतात. शेवटी, जे चतुष्पाद माणसाच्या उपयोगाचे नाहीत आणि जे खाल्लेही जात नाहीत, त्यांनाही तेथे अभय दिले आहे. एखाद्या जीवाने जगण्यासाठी आपल्या उपयोगी पडलेच पाहिजे, ही अट तेथे नाही. तरीही व्यवहारी प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर जातककथांत सापडते.

व्याघ्र जातकात एका अरण्यातील दोन वृक्षदेवतांची कथा आहे. त्या अरण्यात सिंह आणि वाघ राहत. त्यांनी टाकलेल्या सांगाड्यांची दुर्गंधी एका देवतेला सहन होईना. दुसरीने समजावूनही तिने भयंकर रूप धारण करून त्या श्वापदांना हाकलून दिले. पुढे काही दिवसांत आसपासच्या लोकांना वाघाची पावले दिसेनाशी झाली, भीती सरली आणि ते कुऱ्हाडी घेऊन आत शिरले. देवतेने श्वापदांना परत येण्याची विनवणी केली, पण ती आली नाहीत. अल्पावधीतच सारे अरण्य तोडले गेले आणि तेथे शेते झाली. ज्या झाडांत त्या देवता राहत होत्या, ती झाडेही उरली नाहीत.

आजचे विज्ञान वेगळ्या शब्दांत हेच सांगते. वाघाला जगण्यासाठी चितळ, सांबर, रानगवा, रानडुक्कर लागतात. त्यांना गवत, झाडे आणि बारमाही पाणवठे लागतात. म्हणून वाघासाठी राखलेले जंगल हे हजारो जीवांचे आणि पाण्याचेही जंगल असते. नागपूर शहर ज्या पेंच प्रकल्पाचे पाणी पिते, त्याचा तोतलाडोह जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या अरण्यात आहे. चंद्रपूरला पाणी पुरवणारे इरई धरण ताडोब्याच्या जंगलाला लागून आहे. वाघासाठी राखलेल्या रानाचे पाणी आपल्या घरच्या माठात येते, एवढे जरी ध्यानात ठेवले तरी ‘वाघ हवा की माणूस?’ हा प्रश्न किती अपुरा आहे, ते कळेल. शेतकऱ्याच्या पिकाची नासधूस करणारे रानडुक्कर आणि रोही हेही वाघ-बिबट्याचे भक्ष्य आहेत, ही बाजूही विसरता येत नाही.

पकडून दूर सोडले तर?

पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसरात हा प्रयोग झाला आहे. उसाच्या शेतांत राहणाऱ्या बिबट्यांना पिंजऱ्यात पकडून दूरच्या जंगलांत सोडण्याची मोहीम २००१ पासून मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. संशोधिका विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. मोहिमेपूर्वी माणसांवरील हल्ल्यांची सरासरी वर्षाला चार होती. नंतर ती सतरावर गेली. उपायानेच अपाय वाढला. आपला मुलूख सोडावा लागलेला बिबट्या अनोळखी प्रदेशात भांबावतो. ओळखीच्या जागेकडे परतू पाहतो. आणि त्याने रिकामी केलेली जागा लवकरच दुसरा बिबट्या व्यापतो. याच अत्रेय यांनी पुढे अकोले तालुक्यात केलेल्या अभ्यासात दिसले की, जेथे नावालाही अभयारण्य नाही अशा शेतीच्या प्रदेशात बिबटे माणसांच्या शेजारी, बहुतांशी कोणाला न दिसता राहत होते आणि त्यांच्या आहारात गावातील कुत्र्यांचा वाटा मोठा होता.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, ज्या प्राण्याने माणसाला लक्ष्य केले आहे, त्याचा बंदोबस्त तातडीने आणि अचूक झालाच पाहिजे. पण दिसेल त्या प्राण्याला उचलण्याने किंवा मारण्याने गाव सुरक्षित होत नाही. अनुसूचीतून नाव काढले, तर दोषी आणि निर्दोष यांतील हा फरक करण्याचे बंधनच सैल होईल.

वकिली म्हणजे काय?

मुक्या प्राण्याला ना मत असते, ना मोर्चा. त्याची बाजू कोणीतरी मांडावी लागते. महाराष्ट्रात ती यशस्वीपणे मांडली गेल्याची उदाहरणे आहेत.

चंद्रपूरजवळ लोहारा येथे, ताडोब्याच्या वाघांच्या भ्रमणमार्गावर कोळशाची खाण प्रस्तावित होती. २००९ साली इको-प्रो संस्थेचे बंडू धोत्रे यांनी तिच्या विरोधात बेमुदत उपोषण केले. चंद्रपूरकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि त्या खाणीला अखेर पर्यावरणीय मंजुरी मिळाली नाही. नागपूर-सिवनी महामार्गाच्या रुंदीकरणाने पेंचचे जंगल दुभंगणार होते. पर्यावरणप्रेमींनी न्यायालयात आणि न्यायालयाबाहेर चिकाटीने पाठपुरावा केला. परिणामी महाराष्ट्राच्या हद्दीत वन्यप्राण्यांना रस्त्याखालून जाण्यासाठी नऊ मार्ग बांधण्यात आले. त्यांतील सर्वांत लांब ७५० मीटरचा आहे. रस्ताही झाला आणि आज त्या मार्गांखालून वाघ जातात, हे कॅमेऱ्यांनी टिपले आहे. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती बिबट्यांच्या हल्ल्यांनी एके काळी हाहाकार उडाला होता. २०११ पासून वनखाते, संशोधक आणि नागरिक यांनी मिळून वस्त्यांत, शाळांत, पोलीस ठाण्यांत आणि वृत्तपत्रांच्या कार्यालयांत जाऊन लोकांना समजावले : बिबट्या दिसणे म्हणजे हल्ला होणे नव्हे, कचरा साठू देऊ नका, अंधारात लहान मुलांना एकटे पाठवू नका, जमाव करून त्याला कोंडू नका.

या तिन्ही प्रयत्नांना आधार होता तो कायद्याचाच. कायदा सैल झाला, तर त्याचा पहिला लाभ रानात मोहफुले वेचणाऱ्या बाईला होणार नाही. तो खाणींना होईल, लाकूडतोड्या ठेकेदाराला होईल, कातड्याच्या तस्कराला होईल. वाघ नाही म्हटल्यावर जंगल राखण्याचे कारणही उरत नाही. जातकातील कुऱ्हाडी आज यंत्राच्या झाल्या आहेत, एवढाच काय तो फरक.

किंमत कोण मोजते?

येथे वाघाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी स्वतःलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. पर्यटक वाघ पाहून आनंदाने परततात. त्या वाघासोबत राहण्याची किंमत मात्र भूमिहीन मजूर, गुराखी, आदिवासी आणि दलित कुटुंबे मोजतात. तेंदूपत्ता तोडायला जाणारी बाई हौसेने जात नाही. शहरात बसून तिला संयमाचे धडे देणे सोपे आहे. ही विषमता दूर करण्याविषयी जो बोलत नाही, त्याची निसर्गरक्षणाची भाषा गावाला पटणार नाही, आणि पटूही नये.

म्हणून वकिली दोहोंची करावी लागेल. मृत्यू झाल्यास महाराष्ट्र शासन कुटुंबाला २५ लाख रुपयांचे अर्थसाहाय्य देते. ते विनाविलंब मिळावे, यासाठी कागदपत्रांची पूर्तता करून देणारा शिकलेला माणूस गावात हवा. जखमी, मृत जनावरे आणि पिकांचे नुकसान यांसाठीही भरपाई आहे. ती मागण्याची पद्धत अनेकांना ठाऊक नसते. राखीव क्षेत्रातून गाव हलवायचे असेल, तर ग्रामसभेची आणि संबंधित कुटुंबांची माहितीपूर्ण संमती कायद्यानेच अनिवार्य केली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला आहे. हे सारे कायदे एकमेकांचे शत्रू नाहीत. वाघाचा कायदा पाळा म्हणणाऱ्याने माणसाच्या हक्काचा कायदाही तितक्याच आवाजात मागितला पाहिजे.

आणि रोजच्या सावधगिरीचे काय? वेचणी करताना बाई वाकलेली किंवा बसलेली असते; उभ्या माणसाला सहसा टाळणाऱ्या वाघाला ती एखाद्या चौपायासारखी भासू शकते. म्हणून उजाडल्याशिवाय रानात जाऊ नये, एकट्याने जाऊ नये, गटातील एकाने उभे राहून चौफेर लक्ष ठेवावे, मोठ्याने बोलत राहावे. गावालगतची झुडपे साफ ठेवावीत. स्वयंपाकाचा गॅस आणि घरोघरी शौचालय मिळाले, की रानात जाण्याचे प्रसंगच कमी होतात. शासनाने २०१५ साली सुरू केलेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जनवन विकास योजनेचा हेतू असाच होता. वाघ दिसल्यास गर्दी न करता वनखात्याला कळवावे, आणि खात्यानेही निरोप मिळताच पोहोचावे.

आपली जबाबदारी

आपल्या शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी आज शिक्षक आहेत, वकील आहेत, पत्रकार आहेत, शासकीय सेवेत आहेत. जंगलाच्या काठावरचे गाव आणि कायद्याचे पुस्तक ही दोन्ही जगे ज्यांना आतून ठाऊक आहेत, अशी माणसे फार थोडी असतात. ती आपल्यात आहेत. एखाद्या गावात हल्ला झाला, तर पहिला माणूस म्हणून त्या घरी आपण पोहोचावे. सांत्वन करावे, भरपाईचा अर्ज भरून द्यावा, धोकादायक प्राण्याच्या बंदोबस्ताची मागणी कायदेशीर मार्गाने नोंदवावी. मग, आणि मगच, विष घालू नका, विजेचा प्रवाह तारेत सोडू नका, असे सांगण्याचा अधिकार आपल्याला मिळेल. त्या घरचे लोक ते ऐकतीलही.

देवटेकची ती शिळा पाहायला मुलांना एकदा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, आपल्या परिचयाच्या अजब बंगल्यात, न्यायला हवे. तिच्यावरची अक्षरे काळाने झिजवली, पण आज्ञा अजून वाचता येते. ती नव्याने दगडावर कोरण्याची आता गरज नाही. ती अधिनियमात आहे, संविधानात आहे. ती पाळली जाईल की नाही, हे मात्र उद्या पहाटे टोपली घेऊन रानात निघालेली आई सुखरूप घरी परतेल, याची काळजी आपण किती घेतो, यावर अवलंबून राहील.